पहिलं आठवतं ते दुसऱ्याचं

ताई, बातमीत चूक आहे.

ती माझ्या हातची नाही. त्या दिवशी मी रजेवर होतो आणि डेस्कवरच्या सहकाऱ्यानं चार ओळी लिहिल्या. ‘झाडीपट्टी रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत’ असं तुझ्याबद्दल छापून आलं. नाव बरोबर आहे, गाव बरोबर आहे, फोटोही तुझाच आहे, आईच्या भूमिकेतला. पण तू गेलीस तेव्हा कलावंत नव्हतीस. एम.ए. मानसशास्त्र, प्रथम वर्ष, असं तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं. सकाळी कॉलेजला निघताना चप्पल घालायला वाकलीस आणि उठली नाहीस. भाऊजींनी तुझ्या अंगावरचे सगळे दागिने काढले, ओळखपत्राची ती निळी फीत मात्र त्यांच्याच्यानं काढवेना. ती शेवटी मी काढली.

मी संपादकांना दुरुस्तीबद्दल विचारलं. ते म्हणाले, दुरुस्ती वस्तुस्थितीच्या चुकीची छापतात, ही वस्तुस्थितीची चूक नाही. नियमानं ते बरोबर आहेत. म्हणून दुरुस्ती इथं करायला बसलो.

दुसरं एक कारण आहे. तुला एक बातमी द्यायची आहे. आमच्या धंद्यात महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत सांगतात. इथं तसं करता येणार नाही, कारण ती बातमी तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळायची तर आधीचं सगळं सांगावं लागतं.

तुझं काम मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते प्रेक्षकांतून नाही, खड्ड्यातून. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रांच्या दिवसांत नाटकांवर एक लेख करायचा होता, म्हणून प्रॉम्प्टरशेजारी बसायची परवानगी काढली होती. रंगमंचाच्या पुढ्यात जमिनीत खड्डा खणतात, त्यात वाजवणारे आणि प्रॉम्प्टर बसतात. बाहेरच्या वाचकाला सांगावं लागतं की आपल्याकडचा प्रॉम्प्टर विसरलेला शब्द सुचवायला नसतो. तो सगळं नाटक म्हणतो. प्रयोग पुष्कळ, तालमी थोड्या, आज या गावात ही आई, उद्या त्या गावात ती आई. पाठ करायला वेळ कुणाला? प्रॉम्प्टर खालून वाक्य देतो, नट वर ते उचलतो.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तू एक वाक्य बोलत असताना पुढचं ऐकत असतेस. तोंड एका ओळीवर, कान पुढच्या ओळीवर. मान किंचित डावीकडे, खड्ड्याच्या बाजूला. डोळ्यांतून खरं पाणी. आणि हे सगळं चालू असताना पायात येणारी माइकची वायर तू टाचेनं मागं सारलीस. समोर सगळं गाव रडत होतं. मी लिहायला पेन काढलं होतं ते तसंच हातात राहिलं.

प्रयोगानंतर विचारलं, ‘ताई, हे कसं करते?’

‘काय?’

‘बोलणं अन् ऐकणं. एकाच वेळी.’

‘तू नाही का जेवता जेवता फोनवर बातमी घेत?’

‘तसं नाही हे.’

‘मंग मले नाई मालूम गा, संपादक. मालूम झालं तं सांगीन.’

मी कधीच संपादक नव्हतो, उपसंपादक होतो आणि आहे. हे तुला ठाऊक होतं. पण चारचौघांत तू मला त्याच नावानं हाक मारायचीस.

आता आसगाव.

तिथल्या मंडईत तुझं नाटक होतं. संपलं तेव्हा उजाडलं होतं. धानाच्या बांध्यांवर धुकं होतं, असं तू सांगितलंस. तू मागं खुर्चीवर बसून तोंडाचा रंग काढत होतीस आणि नेहमीप्रमाणे बाया आल्या होत्या. आईची भूमिका करणारीला हे चुकत नाही. बाया येतात, हात धरतात, ‘तुमी रडल्या तं मले माह्यी माय दिसली’ म्हणतात आणि मग स्वतःचं सांगायला लागतात. तू ऐकायचीस, पाठीवरून हात फिरवायचीस, त्या जायच्या.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी सुनंदा आली. लग्न होऊन बारा-तेरा वर्षं झालेली, मंडईसाठी माहेरी आलेली बाई. तिनं तुझा हात धरला आणि नवरा मारतो, कसा मारतो, ते सांगितलं. मग विचारलं, ‘काय करू, ताई?’

तू म्हणालीस, ‘पोरी, उंबरा ओलांडलेल्या बाईला वाटसुद्धा ओळख दाखवत नाही. जा. आपल्या घरी जा.’

ती गेली. तू रंग काढत राहिलीस. गाडीत बसल्यावर तुला कळलं की ते वाक्य तिसऱ्या अंकातलं होतं. तू मला म्हणाली होतीस, ‘मी घरी अशी बोलतो का? ओळख दाखवत नाही म्हणतो का मी? माह्या तोंडून पुस्तकातली मराठी निंगाली, तवाच मले समजाले पाह्यजे होतं.’ प्रॉम्प्टर उठून चहाला गेला होता, पण त्याचं वाक्य कानात राहिलं होतं. तुला कुणीतरी प्रश्न विचारला आणि कानात असलेलं वाक्य तू उचललंस. इतकी वर्षं तेच करत आली होतीस.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. शिक्षिका चुकली असती तर वेगळी चुकली असती, डॉक्टर वेगळा.

दोन हंगामांनंतर करडीच्या प्रयोगाला ती पुन्हा आली. मावशीचं गाव होतं तिचं. तू रंगून तयार होतीस. ती म्हणाली, ‘वळखलं का ताई? आसगावची सुनंदा. गेली होती मी वापस.’ तू काहीतरी बोललीस, तर तिनं मान वळवून उजवा कान पुढं केला. तू डाव्या कानाकडं बोट दाखवून विचारलंस, ‘हे?’ ती म्हणाली, ‘त्यानंच.’ पुढं ती काही सांगत होती, पण घंटा झाली आणि तुला जावं लागलं. प्रयोग संपल्यावर ती नव्हती. तू माणूस पाठवून शोध घेतलास. मावशीकडून ती कुठं गेली ते कुणाला धड सांगता आलं नाही.

त्याच वर्षी तू मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंस, मानसशास्त्र विषय घेऊन. कंपनीच्या गाडीत भाऊजी, नाटकाला साथ करायची ती वाजवायची पेटी मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर पुस्तक उघडायचे आणि मोठ्यानं वाचायचे. तुला डोळ्यांनी वाचलेलं राहत नव्हतं, कानानं ऐकलेलं जात नव्हतं. गाडीतले बाकीचे नट झोपायचे. एकानं विचारलं, ‘बाई, हे कोणत्या नाटकाचं हाये?’ तू म्हणालीस, ‘माह्या.’

एम.ए.चा रस्ता तू जुन्या पद्धतीनं आखला होतास. बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून अर्ज करायचा, गाइड ऐकायचं, उन्हाळ्यात पेपर द्यायचे. हंगामही सुटत नव्हता. आणि नेमकं तेव्हाच ते सगळं मोडून नवं उभं राहत होतं. ती बातमी मीच केली, आतल्या पानावर, एक कॉलम. बहिःस्थ प्रवेश बंद. हजेरी सक्तीची. जुने निम्मे पेपर रद्द, त्यांच्या जागी प्रयोगशाळा, संशोधन प्रकल्प, रुग्णालयात काम आणि देखरेखीखाली समुपदेशन. जागा कमी. प्रवेश परीक्षेनं आणि मुलाखतीनं.

सकाळी तुझा फोन आला.

‘का गा संपादक, हे तुनं लिहिलं?’

‘हो.’

‘याच्यात बाहेरून बसणं बंद म्हणते.’

‘हो.’

‘मंग माह्यं काय?’

‘बातमीत तुझं काही नाही, ताई.’

‘तेच तं पाहून राहिली. तीन डाव वाचून घेतलं यायच्याकडून.’

मला वाटलं, विषय संपला. पन्नाशी उलटलेली बाई, हंगामावर चालणारं घर, सक्तीची हजेरी. मी घटना जुळवून निष्कर्ष काढला होता. तू दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात जाऊन उभी राहिलीस. मीही आलो होतो. व्हरांड्यात जुनी कपाटं काढून ठेवलेली, एका वर्गाची भिंत पाडून प्रयोगशाळेचं काम चाललेलं, सिमेंटच्या धुळीत दोन प्राध्यापक नव्या पेपरांवरून वाद घालत उभे. विभागप्रमुख मॅडम मोकळ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘खरं सांगू का? आम्हीच अजून शिकतो आहोत. अभ्यासक्रमाची शेवटची प्रत यायची आहे. तुम्ही नेमक्या कशात प्रवेश घेताय, हे मला आज पूर्ण सांगता येणार नाही.’

तू म्हणालीस, ‘आमचंबी तसंच राहते, मॅडम. पडदा उघडते तवा तिसरा अंक लिहिणं सुरूच असते.’

त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, ‘पण हजेरीत सूट नाही.’

घरी भाऊजींना तू सांगितलंस की प्रवेश मिळाला तर या वर्षी हंगाम नाही. भाऊजी पेटीचा भाता पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले.

‘कंपनीवाले आले तं काय सांगू?’

‘सांगा, बाई शाळेत गेली.’

‘अन् नाई भेटला प्रवेश तं?’

‘तं काई सांगू नोका. मी येतोच ना गाडीत बसाले.’

ते म्हणाले, ‘माह्यी पेटी कोणाच्या रडण्याले वाजवू मी?’ हा त्यांचा विरोध होता. त्याहून मोठा त्यांनी केला नाही.

प्रवेश परीक्षेची तयारी माझ्याकडं आली, कारण सांख्यिकीत भाऊजींची जीभ अडखळायची. रोज सकाळी मी फोनवर वाचायचो. पहिल्या दिवशी मी शिक्षकासारखं, समजावत, शब्दांवर जोर देत वाचायला लागलो. तू थांबवलंस.

‘भाव नोको घालू. सपाट वाच.’

‘सपाट कंटाळवाणं होईल.’

‘प्रॉम्प्टरनं रडाचं नसते गा. थो खालीच रडला तं वरच्यानं काय कराचं?’

माझ्या आवाजाबद्दल आयुष्यात अनेकांनी तक्रार केली आहे. घरातल्यांनीही केली आहे. तो कुणाला हवा आहे असं पहिल्यांदा झालं. मी सपाट वाचत गेलो. प्रमाण विचलन, सहसंबंध, स्मृतीचे प्रकार, भावनेच्या उपपत्ती. तू पलीकडून ओळीमागं ओळ उचलत गेलीस. कधी कधी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं सुरू व्हायचं. आपण दोघं मिळून एकच आवाज आहोत असं मला वाटायचं, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आपला वाद त्याच दिवसांतला. तो मिटला नाही. मी म्हणालो, बातमीत पाच प्रश्न असतात, त्यांतला ‘का’ सगळ्यांत मोठा, आणि तुझं सगळं मानसशास्त्र म्हणजे तो एकच प्रश्न.

तू म्हणालीस, ‘उलटं आहे. माणसाले तुह्यं ‘का’, ‘काहून’, विचारूच नोको.’

‘मग काय विचारायचं?’

‘काय झालं, इचार. कसं झालं, इचार. काहून म्हटलं का माणूस लगेच वकील होते. सोताची केस लढाले लागते. मंग थो खरं नाई सांगत, जिंकाचं सांगते.’

‘कारण कळल्याशिवाय बातमी अर्धी राहते.’

‘राहू दे ना अर्धी. तुले पूर्ण कराची घाई आहे. त्याले सांगाची घाई नाई.’

मी ऐकलं नाही. मी तुला बरीच उदाहरणं दिली, त्यांतली काही चांगली होती. तू म्हणालीस, ‘बरं, पुढचं वाच.’

परीक्षा पार पडली. मुलाखतीच्या दिवशी मी व्हरांड्यात बसलो होतो. आतून तुझा आवाज येत नव्हता. मधे मधे लांब शांतता पडत होती आणि प्रत्येक शांततेला माझा धीर सुटत होता. मला वाटलं, झालं. प्रॉम्प्टरशिवाय ही बोलू शकत नाही, वाक्याची वाट पाहते आहे. आत नक्की काय झालं ते तू स्कूटरवर माझ्या मागं बसून, वैनगंगेच्या पुलावर वाऱ्यातून ओरडून सांगितलंस.

पहिला प्रश्न होता, मानसशास्त्रच का?

‘काहून विचारलं ना गा त्यायनंबी! पण मी वकील नाई झाली. काय झालं तेच सांगतलं. आसगावचं.’

तू त्यांना सुनंदाचं सगळं सांगितलंस. तुझं वाक्य, तिचा कान. नंतर दुसरे प्रश्न झाले. शेवटी मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही प्रत्येक उत्तराआधी थांबता. आठवत नाही म्हणून का?’

तेव्हाही तू थांबलीस. मग म्हणालीस, ‘आठवते, मॅडम. पण पहिलं आठवते ते दुसऱ्याचं असते. ते जाऊ देतो. मंग माह्यं येते.’

मी पुलाच्या टोकाला स्कूटर उभी केली. तुला वाटलं पेट्रोल संपलं. पेट्रोल होतं. मी शेकडो मुलाखती घेतल्या आहेत आणि लोक काय बोलतात ते नोंदवून पोट भरलं आहे. बोलण्याआधी माणूस काय सोडून देतो, याची मी कधी चौकशी केली नव्हती. ‘विस्मय’ हा शब्द मी बातमीत कधी वापरला नाही, कारण तो कुणाला झाला आणि किती झाला हे तपासता येत नाही. त्या दिवशी तो मला झाला. तपासून सांगतो.

पण तोंडानं मी म्हणालो, ‘ती थांबण्याची सवय स्टेजची आहे, ताई. उगाच मोठं नाव देऊ नको.’

‘स्टेजवर थांबली तं प्रॉम्प्टर शिव्या देते,’ तू म्हणालीस. ‘चाल, भूक लागली.’

यादीत तुझं नाव तळाशी होतं, पण होतं.

त्या वर्षी भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरली आणि भाऊजी पेटी घेऊन एकटे गाडीत बसले. तू नव्या, रंगाचा वास न गेलेल्या प्रयोगशाळेत होतीस. वर्गातली मुलं तुला आधी मॅडम म्हणायची, मग काकू, दिवाळीपर्यंत ताई म्हणायला लागली. एका मुलीनं तुला मोबाइलवर सादरीकरण बनवायला शिकवलं. तू तिला गर्दीसमोर आवाज कसा टाकायचा ते शिकवलंस. विभाग अजून जागेवर बसला नव्हता. एक पेपर मध्येच बदलला, एक शिक्षक उशिरा आले, रुग्णालयातल्या कामाचं वेळापत्रक दोनदा नव्यानं लागलं. मुलं चिडायची. तू म्हणायचीस, ‘मले बदलाचं काई नाई. मीच बदलाले आली.’

मेंदूच्या वर्गातून तू मला दुपारी फोन केलास. पान लागायची वेळ होती. मी म्हणालो, नंतर बोलू. तू म्हणालीस, ‘नंतर नाई, आत्ता.’

‘आवाज कानात जाते तवा थो आवाज नसतेच गा! हवा हालते. मंग पडदा हालते. मंग हाडं, येवढी येवढी, तांदळाच्या कणीवानी. मंग पाणी हालते, पाण्यात केस हालते, अन् तिथून पुढं नुसती वीज. आवाज आखरीले आत बनते. आत! एवढे साल मी ऐकून राहिली अन् मले मालूम नाई.’

मी पान सोडून खुर्चीवर बसलो.

‘अन् आइक. एका कानाचं मेंदूच्या दोन्ही बाजूनं जाते. दोन्ही. म्हंजे सुनंदाचा डावा कान गेला, पण आत काई बुजलं नाई. उजव्या कानानं ऐकलं तरी पूर्ण आत दिवा लागते.’

तू हे सांगताना हसत होतीस की रडत होतीस, हे मला फोनवर ठरवता आलं नाही.

आणि दुसऱ्या सत्रात तुला माझ्या जुन्या प्रश्नाचं, बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी कसं, याचं उत्तर मिळालं. प्रयोग असा होता की दोन कानांत दोन वेगळे आवाज सोडायचे आणि एका कानातलं जसंच्या तसं मागोमाग म्हणायचं. ‘आपलाच धंदा,’ तू म्हणालीस. ‘मी घडाघडा म्हटलं. पोरायनं टाळ्या वाजवल्या. मंग सरांनी विचारलं, दुसऱ्या कानात काय होतं? काईच नाई, गा. कोरी पाटी. बाई बोलत होती का माणूस, एवढंच सांगू शकली.’

मी विचारलं, ‘मग?’

तू थांबलीस.

‘मंग काय. आसगावले तसंच झालं. माह्या एका कानात नाटक होतं. दुसऱ्या कानात सुनंदा होती. मी सुनंदाले ऐकलंच नव्हतं, संपादक. आज मले समजलं.’

बोलण्यासारखं एक वाक्य होतं, ‘असं काही नसतं, ताई,’ पण ते माझ्याकडं पुराव्याशिवाय होतं. तू म्हणालीस, सत्र संपलं की आसगावला जाणार, तिचं सासर शोधणार, तिला सांगणार की ते वाक्य माझं नव्हतं. ‘आता तं कसं आइकाचं ते मले शिकवून राहिले. शिकून जातो.’

सत्र संपलं नाही. होळीच्या आधीच तू गेलीस.

आता ती बातमी.

तेरवीच्या आधी लोक भेटायला येत होते. मी एकोडीला, तुझ्या घरापुढच्या छपरीत बसलो होतो. स्कूटीवर दोघी आल्या. चालवणारी मुलगी गाडीपाशीच थांबली. मागं बसलेली बाई येऊन माझ्या उजव्या हाताला बसली. मी काही विचारलं तर ती उठली आणि दुसऱ्या बाजूला येऊन बसली, तिचा उजवा कान माझ्याकडं होईल अशी. नाव सांगायच्या आधी मला कळलं.

‘मी सुनंदा. पेपरात वाचलं. फोटोवरून वळखलं.’

मी पाणी दिलं. ती म्हणाली, ‘ताईनं मले एक डाव सांगतलं होतं, घरी जा म्हणून.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हणालो. ‘तिला ते फार लागलं होतं. ती तुम्हाला सांगायला येणार होती.’

‘काय?’

‘ते वाक्य तिचं नव्हतं. नाटकातलं होतं.’

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. लहान मुलानं उघड गोष्ट गुपित म्हणून सांगावी तेव्हा पाहतात तसं.

‘मालूम हाये ना. मी तं पुढंच बसून होती. थोड्या वेळाआधी तेच आइकलं होतं.’

ताई, माझ्या जिभेवर वाक्य आलं: मग काहून गेलात वापस? ते माझ्या धंद्यातलं वाक्य होतं. इतकी वर्षं मी तेच उचलत आलो आहे. मी ते जाऊ दिलं. त्याच्या मागून दुसरं काही आलं नाही. मी तसाच बसलो. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा वास येत होता.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘लेक तिकडंच होती ना.’

तिनं स्कूटीकडं पाहिलं.

‘मंडईले मले एकटीलेच धाडलं होतं. पोरीले ठेवून घेतलं. म्हंजे जाणं तं होतंच. ताईनं नोको जाऊ म्हटलं असतं, तरी गेलीच असती. पण मी कुठी चालली अन् तिथी काय होते, हे एका तरी माणसाले मालूम पाह्यजे होतं. मले काई झालं असतं तं? ताईनं हात धरला होता माह्या. सगळं सांगून होईपर्यंत सोडला नाई. मंग काय बोलली, ते नाटकातलं होतं का घरातलं, त्याचं मी काय करू?’

मी विचारलं, ‘आणि करडीला?’

‘तेच तं सांगाले आली होती. लेकीले घेऊन निंगाली म्हणून. मावशीच्या घरी ठेवून आली होती तिले. पण घंटी झाली, ताई गेली. मलेबी पोरीपाशी जाणं होतं.’ ती थोडी हसली. ‘म्हटलं, सांगू पुढच्या मंडईले.’

ती निघाली तेव्हा मुलीनं गाडी वळवली. मायलेकी बोलत गेल्या. मुलगी मागं वळून, मान उजवीकडं करून बोलत होती, आईच्या चांगल्या कानात. तिला ती सवय होती.

तर बातमी एवढीच आहे. आसगावला तू हात सोडला नाहीस, आणि सुनंदाला तेवढंच हवं होतं. प्रयोगशाळेत जे निघालं ते बरोबर असेल, पण त्यात हाताचं काही नव्हतं. लेक आईसोबत आहे. गाडी तीच चालवते.

दुरुस्तीची मागणी मी मागं घेतो. ‘मानसशास्त्राची विद्यार्थिनी’ असं छापून आलं असतं आणि तो रंग लावलेला फोटो नसता, तर सुनंदानं पान उलटलं असतं. तिला आईच माहीत होती.

आपला वादही मी इथंच सोडतो. मी ‘काहून’ हा प्रश्न विचारला नाही, आणि मला कळलं.

हे सगळं लिहून झाल्यावर छपरीत बसून मी मोठ्यानं वाचलं. भाऊजी आतून ऐकत होते. भाव घातला नाही, कुठंही थांबलो नाही, सपाट वाचलं, तुला लागायचं तसं. खालून वाक्य दिलं आहे, ताई. उचल.